शेडमधलं विमान आणि नकाशाचं सॉफ्टवेअर

चार माणसं रोज एका जागी बसली की किस्से आपोआप जमतात. पत्रा कापताना खाली चुरा पडतो ना, तसे. मुद्दाम कोणी पाडत नाही. झाडायला घेतलं की कळतं, अरे बापरे, किती साचलाय!

मी फार बोलत नाही. आणि बोललो तर फार हळू बोलतो. माझी बायको शांता म्हणायची, "तुमचं एक वाक्य पुरं होईपर्यंत माझी पोळी करपते." तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता घरात पोळी करपत नाही, कारण डबा येतो. बोलायला वेळ लागतो, म्हणून हे लिहून काढतो आहे. कागदाला घाई नसते.

जागा म्हणजे काटोल रोडवरच्या एका संत्र्याच्या गोदामामागची टिनाची शेड. आत दोन सीटचं विमान. खरंखुरं, माणसांनी हातानं बनवलेलं, अजून अर्धवट. ते वसंतरावांचं. वसंतराव सरकारी खात्यात नकाशे काढायचे, रिटायर झाल्यावर त्यांनी हे सुरू केलं. पत्र्याचं काम हरीशभाईंचं. जरीपटका भागात त्यांनी जन्मभर कूलरच्या बॉड्या बनवल्या. कॉम्प्युटर सुनंदाताईंचा. आधी टायपिंगचा क्लास, मग कॉम्प्युटरचा, आता दोन्ही बंद. आणि वायरिंग माझी. मी नामदेव, सातवी पास, चाळीस वर्षं कळमन्यात ट्रकची वायरिंग केली. विमानाची पहिल्यांदाच.

विमानाच्या सरकारी परवानगीसाठी दोन नकाशे पाठवावे लागतात. एक समोरच्या पॅनेलचा, म्हणजे जिथं सगळी मीटरं बसतात त्याचा. दुसरा वायरिंगचा. हाताने काढलेले चालत नाहीत, कॉम्प्युटरवरचे हवेत. ते गेले की विमान दुसऱ्या गावच्या एका शौकीन माणसाकडे ट्रकवर जाणार. उडवायचं वय आमचं कोणाचंच नाही. आणि वसंतराव बंगळूरला मुलाकडे राहायला जाणार. मुलाने त्यांची खोली रंगवून ठेवली आहे. शेडची चावी माझ्याकडे राहणार.

चावीचं मी काय करायचं, ते मी कोणाला विचारलं नाही.

*

नकाशाचं सॉफ्टवेअर घ्यायला आम्ही चौघं सीताबर्डीवर गेलो. दुकानदाराने आम्हाला कोल्ड्रिंक पाजलं. मग विचारलं, "सर, फर्ममधे किती लोकं आहेत?"

वसंतराव म्हणाले, "चार."

"वर्किंग स्टाफ?"

"चौघंही रिटायर."

त्याने कोल्ड्रिंकच्या बाटल्यांकडे एकदा पाहिलं. पण माणूस चांगला, किंमत सांगितली. किंमत ऐकून हरीशभाई उठून दाराशी जाऊन उभे राहिले. वर ती किंमत दरवर्षीची!

वसंतराव म्हणाले, "अहो, विमान एकदाच बनवायचं आहे. दरवर्षी कशाले पैसे?"

बाहेर आलो तर फुटपाथवरचा एक जण मागे आला. "अंकल, वही सॉफ्टवेअर, सब का सब, पेनड्राइव में डाल देता हूँ. ओरिजिनल जैसा ही चलता है." हरीशभाईंचे डोळे चमकले. वसंतराव मात्र एकदम ताठ झाले. "ज्याच्यात बसून वर जायचं, त्याचा नकाशा चोरीचा नको!"

हरीशभाई म्हणाले, "साहब, ऊपर चेकिंग होती है क्या?"

*

मग एक सॉफ्टवेअर तीस दिवसांपुरतं फुकट मिळालं. तीस दिवसांत नकाशे उरकायचे, असं ठरलं. वसंतराव रोज दहाला येत आणि पाचला उठत. मधे एक ते दीड जेवण. रविवारी सुट्टी. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीही सुट्टी! सुनंदाताई म्हणाल्या, "साहेब, सॉफ्टवेअरले शनिवार-रविवार नसते हो. त्याचे दिवस चालू आहेत."

"मला तर असते ना," वसंतराव म्हणाले.

पंधरा दिवस रेघ सरळ काढायला गेले. दहा दिवस ती पुसायला. तिसाव्या दिवशी साडेतीनला वसंतराव पॅनेलची शेवटची कड ओढून राहिले होते, अर्ध्या रेघेत पडदा राखाडी झाला. मुदत संपली.

वसंतराव माउस धरूनच म्हणाले, "मी रिटायर झालो तेव्हा निदान हार तरी घातला होता!"

*

शेवटी सुनंदाताईंनी एक कायमचं फुकटचं शोधलं. जगभरचे लोक आपापल्या घरी बसून ते बनवतात आणि वाटून टाकतात. पॅनेलही निघतं, वायरिंगही निघते.

वसंतरावांना पटेना. "फुकट काहून देतात पण? काही तरी गडबड असेल."

मी चहा ओतत होतो. मी म्हणालो, "साहेब, आपण चौघं इथं कशाचे पैसे घेऊन राहिलो?"

त्या दुपारीच ते सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमधे आलं. हरीशभाई अजून म्हणतात, "उस्ताद साल में एक बार बोलते हैं, उस दिन छुट्टी डिक्लेअर कर दो."

*

हरीशभाईंचं सगळं माप इंचात आणि सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मीटरचं भोक तीन इंच एक सूत. हे त्यांच्या बोटांना पाठ. कॉम्प्युटरला मात्र मिलिमीटर पाहिजे, तेही टिंब देऊन.

ते सुनंदाताईंच्या खुर्चीमागे उभे राहून अख्खा कीबोर्ड वरून खाली वाचत होते. शेवटी विचारलं, "मॅडम, इसमें सूत का बटन किधर है?"

"नाही आहे, भाऊ."

"चालीस साल का काम," हरीशभाई म्हणाले, "और एक बटन नहीं दिया!"

ते हसत बोलले. पण नंतर बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी जाऊन शेजारी बसलो. गोदामात क्रेट उतरत होते, ते दोघंही पाहत राहिलो.

*

पॅनेलचा नकाशा झाला. छापला. मोठा कागद नव्हता म्हणून सुनंदाताईंनी तुकड्या-तुकड्यांनी छापून चिकटवला. हरीशभाईंनी तो ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लावला आणि सहा भोकं पाडली. काय काम! भोकाच्या कडेवरून बोट फिरवा, रेशमासारखी.

वसंतरावांनी मीटर उचललं, भोकात ठेवलं. बसेना. दुसऱ्यात ठेवलं. बसेना. हरीशभाईंचा चेहरा पडला. "मैंने लाइन पे काटा है. लाइन पे!"

सुनंदाताईंनी पट्टी आणली. भोक बरोबर तीन इंचाचं. एक सूत गायब!

दोन तास आम्ही एकमेकांना दोष दिला. मग कळलं. छापताना मशीनने विचारलं होतं की पानात बसवू का, आणि ताईंनी हो म्हटलं होतं. त्याने अख्खं पॅनेल थोडं आवळून पानात बसवलं. भोकं कानशीने मोठी केली असती, पण त्यांच्यातलं अंतरही आवळलं होतं. पत्रा वाया.

ताई रडवेल्या झाल्या. हरीशभाईंनी पत्रा उचलला, चारी कोपऱ्यांना पाय लावले आणि माठाशेजारी ठेवला. त्यात आता आमचे स्टीलचे ग्लास राहतात. बरोबर बसतात!

वसंतराव म्हणाले, "या शेडमधे पहिल्याच झटक्यात बसलेली ही एकच वस्तू."

*

वायरिंगच्या नकाशात प्रत्येक वस्तूला एक खूण असते. आडव्या-उभ्या रेघांची. मला त्या वाचता येत नाहीत. मी कॅलेंडरच्या पाठीवर बॅटरीची बॅटरी काढली, दोन कान असलेली. पुढच्या दिव्याला डोळा काढला, पापणीसकट. वाटलं ताई हसतील. ताईंनी एक एक पाहून कॉम्प्युटरमधली खूण शेजारी ठेवली आणि मला विचारत गेल्या. "हा डोळा कुठून करंट घेते, भाऊ? याच्या मधात फ्यूज आहे का?" चार दिवस लागले. मला कोणी चार दिवस इतके प्रश्न विचारले, हे फार दिवसांनी झालं.

मग वायरींची नावं आली. मी वायरीला नंबर देत नाही. ट्रकवर होतो तेव्हापासून कापडाची चिंधी बांधतो. चिंध्या शांता द्यायची, जुन्या साड्यांच्या. रंग लक्षात राहतो, नंबर राहत नाही. विमानात सगळ्या वायरींना तिच्याच साड्या आहेत. संपत आल्या आता.

ताईंनी विचारलं, "ही जांभळी काठाची कोणती?"

"होकायंत्राच्या दिव्याची. ती साडी तिनं आमच्या पोराच्या मुंजीले... नाही, बारशाले घेतली होती." मी थांबलो. ताईंनी काही तरी टाइप केलं.

संध्याकाळी वसंतराव नकाशा तपासत होते. चष्मा वर करून म्हणाले, "हे काय? शांता-एक, शांता-दोन, शांता-तीन... सतरापर्यंत?"

मी खाली पाहिलं. ताई म्हणाल्या, "बदलू का, साहेब?"

वसंतरावांनी चष्मा परत खाली घेतला. मग म्हणाले, "राहू द्या. ऑफिसातून कोणी विचारलं तर सांगू, आमचा कोड आहे."

*

मुलगा हैदराबादला असतो. रविवारी फोन करतो. "बाबा, काय करून राहिले?"

"शेडमधे आहो गा. काम आहे."

"रविवारी पण? सगळे आले का?"

"हो," मी म्हणतो, "सगळे आले."

समोर चार खुर्च्या असतात. एकीवर मी.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी अजून कोणाला सांगितलेला नाही.

नकाशे पूर्ण झाले. गुरुवारी चौघांनी मिळून एक एक वायर बोट ठेवून तपासली. सतराच्या सतरा. शुक्रवारी अकराला छापायचं, सही करायची, पाठवायचं. आमची फाईल अशी ठेवली आहे की शेडमधल्या कॉम्प्युटरवर उघडते आणि वसंतरावांच्या घरच्यावरही. ताईंनीच ती सोय केली. वसंतरावांनी तिकीट पण काढून ठेवलं होतं, पुढच्या बुधवारचं.

शुक्रवारी मी नऊलाच शेडवर गेलो. कुलूप काढलं, माठ भरला, कॉम्प्युटर लावला. एवढं ताईंचं पाहून येतं मला. का गेलो ते सांगतो, लाज वाटते तरी. नकाशातली एक वायर काढून टाकायची होती. एकच. शेवटच्या घडीला सापडली असती, मग पुन्हा तपासणी, पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि सोमवार-मंगळवार तरी गेला असता. तिकीट बदलता येतं, असं ऐकलं होतं.

एका बोटानं फाईल उघडायला गेलो. उघडेना. मधेच एक चौकोन आला. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. लिहिलं होतं की ही फाईल आत्ता दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडी आहे, कोणी तरी तिच्यात बदल करत आहे. खाली नाव होतं. वसंतरावांचं.

मी हात मांडीवर ठेवून बसलो.

पाऊण तासाने ती उघडली. सतरा नावं मला तोंडपाठ आहेत. वरून खाली वाचत आलो. शांता-अकरा नव्हती. पुढच्या दिव्याची वायर. आदल्या दिवशी तिच्यावर माझंच बोट होतं.

मी काही न करता कॉम्प्युटर बंद केला आणि चहा ठेवला.

अकराला ताई आल्या, हरीशभाई आले. वसंतराव स्कूटरवरून सगळ्यांच्या शेवटी आले. हेल्मेट काढलं, खिळ्याला अडकवलं. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "एक घोळ आहे. पुढच्या दिव्याची वायरच नकाशात दिसून नाही राहिली. आज छापता येत नाही."

ताई चकित झाल्या. "असं कसं साहेब? काल होती ना! आपण चौघांनी पाह्यली."

हरीशभाई माझ्याकडे वळले. "उस्ताद, आप बोलो. कल थी कि नहीं?"

वसंतराव स्कूटरची चावी बोटाभोवती फिरवत होते. ती थांबली.

मी चार ग्लास भरले. पहिला त्यांच्या हातात दिला.

"नव्हती, ताई," मी म्हणालो. "मले तर कालच शंका आली होती."