आमच्या घरात बारीक होणं

आमच्या घरात बारीक होणं हे कधी चांगलं लक्षण नव्हतं. वडील चांगले धिप्पाड होते, ते बारीक होत गेले आणि गेले. काकांचंही तेच. त्या आजाराचं नाव आमच्याकडे कुणी घेत नसे. "त्यांना ते झालंय," एवढंच म्हणायचं, तेही आवाज खाली आणून. वडिलांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यामुळे माणूस जाड असला की आमच्याकडे सगळे निर्धास्त असतात. मी तर सगळ्यांना फारच निर्धास्त ठेवलं होतं.

पन्नाशी उलटली तशी साखर वाढली, गुडघे कुरकुरायला लागले. बोरिवलीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर चढताना मी मध्येच थांबून मोबाइल बघण्याचं नाटक करू लागले. डॉक्टर म्हणाले, अंधेरीच्या एका रुग्णालयात वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनची चाचणी चालू आहे, बघा विचार करून. तशी इंजेक्शनं आता दुकानातही मिळतात, पण हे अजून बाजारात यायचं होतं. आठवड्यातून एकदा आपणच पोटाला टोचायचं. काहींना खरं औषध, काहींना नुसतं पाणी. कुणाला काय, हे आपल्याला सांगत नाहीत आणि देणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. मी तयार झाले आणि नवऱ्याला बजावलं, ताईला यातलं अक्षर कळता कामा नये. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, मुलुंडला राहते. 'प्रयोग' हा शब्द तिच्या कानावर गेला असता तर तिने मला दंडाला धरून घरी आणलं असतं.

सुरुवातीचे आठवडे वाईट गेले. मळमळ, करपट ढेकर, मध्येच उलटी. आपल्या वाट्याला पाणी आलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटायचं. "आलं नाहीये, काळजी करू नकोस," नवरा म्हणाला आणि मी त्याच्यावर खेकसले. हळूहळू ते निवळलं. मग एका रविवारी मी श्रीखंडाची वाटी ओट्यावर ठेवून फोनवर बोलायला गेले आणि विसरले. मी, श्रीखंड विसरले! संध्याकाळी वाटी दिसली तेव्हा मी खुर्ची ओढून बसलेच.

ज्यांच्या वाट्याला हे आलेलं नाही त्यांना कसं सांगू? सकाळी पोहे खाताना माझ्या डोक्यात दुपारचा डबा असायचा, डबा खाताना चार वाजताचा सामोसा, आणि सामोसा तोंडात असताना रात्री काय करायचं हा विचार. लोक म्हणायचे, तोंडावर ताबा ठेव. अहो, तोंड बिचारं काय करणार, डोकंच गप्प बसत नव्हतं. ते गप्प बसलं. इतर माणसं जन्मभर अशी शांत जगतात आणि वर आम्हाला अक्कल शिकवतात, हे तेव्हा कळलं. चाचणीला येणारी एक बाई मला बाकावर भेटायची. ती म्हणाली, "वडापावच्या गाडीवरून जाते आणि घरी पोहोचल्यावर आठवतं, अरे, गाडी होती ना!" आम्ही दोघी इतक्या हसलो की नर्स बाहेर येऊन बघून गेली.

वजन उतरलं, पण आधी चेहऱ्यावरून. गाल बसले, केस गळले, ड्रेस खांद्यावरून ओघळायला लागले. मी आरशात बघून खुश होते. इतरांना काय दिसत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ताईच्या शेजारणीने मला त्या रुग्णालयाच्या दारात पाहिलं. ताईने मला काही विचारलं नाही. तिने माझ्या नवऱ्याला फोन केला. तो पठ्ठ्या शब्दाला जागला, "तिलाच विचारा" म्हणाला आणि घाईघाईने फोन ठेवला. झालं! आमच्या घरात याहून स्पष्ट उत्तर नसतं.

मग ताई दर शनिवारी यायला लागली, मुलुंडहून बस बदलत. येईना का, पण भांडेना. आम्ही दोघी जन्मभर भांडत आलोय, त्यातच आमची माया. आता ती माझ्या चहालाही नावं ठेवेना. एकदा मी मुद्दाम म्हटलं, आईची लाडकी मीच होते. तर म्हणाली, "होतीसच तू." मी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

पुढच्या शनिवारी तिने पिशवीतून आईचं पितळी पुरणयंत्र काढून ओट्यावर ठेवलं. आई गेल्यापासून त्यावरून आमच्यात महाभारत झालेलं. "राहू दे तुझ्याकडे," ती म्हणाली.

"ताई, खरं सांग. तुला काय झालंय?"

"मला काय व्हायचंय?"

"मग हे वाटप कशाला चालवलंयस? काय लपवतेयस तू?"

"मी लपवतेय? मी?" तिचा आवाज फुटला. "कुठे आहे गं ते?"

"काय कुठे आहे?"

"ते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती माझ्याहून खंगली होती, आणि तिला तर कुणी काही टोचलं नव्हतं. मी फ्रिजच्या दारातून, चटणीच्या डबीशेजारून, इंजेक्शन काढून तिच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे वजनाचं?"

"वजनाचं."

"नुसतं वजनाचं?"

"नुसतं वजनाचं. आईशप्पथ."

ती ओट्याला धरून उभी राहिली. मग जी सुटली! "अक्कल गहाण टाकलीस काय? तू काय उंदीर आहेस? मुंबईतली माणसं संपली होती? आणि मला सांगायचं नाही?"

"तू विचारायचं नाही?"

"असं कुणी विचारतं का?"

खरंच होतं तिचं, आमच्यात कुणी विचारत नाही. पण इतक्या दिवसांनी तिच्या शिव्या ऐकून मला फार बरं वाटलं.

"भूक लागलीय मला," ती एकदम म्हणाली. डबे उघडून बघितले तर चिवडा नाही, फरसाण नाही, साधं बिस्किट नाही. "वाट लागली या घराची," म्हणत ती फोन घेऊन गॅलरीत गेली. मी तिच्यासाठी सांजा करायला रवा भाजायला घेतला.

तिने मुलीला फोन लावला होता. सवयीने हळू आवाजात म्हणाली, "अगं, मावशीला ते नाहीये." पलीकडून पोरगी काहीतरी विचारत असावी. "ते गं. ते." पोरीला तरीही कळेना.

"कॅन्सर!" ताई ओरडली. "कॅन्सर नाहीये मावशीला! ऐकतेयस ना? कॅन्सर नाही, कॅन्सर नाही!"

समोरच्या इमारतीतली दोन माणसं खिडकीत आली. तिच्या तोंडून तो शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. ती रडत होती आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. मला नीट ऐकू यावं म्हणून मी गॅस बंद केला.