पडद्यावरची मोठी अक्षरं

मी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं तेव्हा पनवेलच्या दोन खोल्यांत बाबा आणि मी, दोघंच राहत होतो. बाबा चौथी शिकलेले. उरणकडच्या मिठागरात त्यांनी तीस वर्षं मीठ ओढलं. उन्हातल्या त्या पांढऱ्या लखलखाटानं डोळे अधू झाले आणि पेपर वाचणं सुटलं. नाक्यावरच्या चहावाल्याकडे कुणी मोठ्यानं वाचला तर ऐकून यायचे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. ती पदवी त्यांच्या डोळ्यांच्या जिवावर मिळाली, याची मला जाणीव आहे असं मी समजत होतो.

एका मासिकासोबत सीडी आली होती, तिच्यावरून लिनक्स टाकलं. बाकी सगळं चाललं, पण ग्राफिक्स कार्ड काही ओळखलं गेलं नाही. रेझोल्युशन ६४० बाय ४८० वर अडकलं. अक्षरं बोराएवढी. खिडक्या पडद्यात मावेनात. ‘ओके’चं बटण गाठायला आल्ट दाबून अख्खी खिडकी वर ओढावी लागे. एवढं शिकून मला साधा पडदा नीट लावता येऊ नये, याची लाज वाटली.

संध्याकाळी एका मराठी पेपरची साइट उघडली होती. बाबा मागून जाताना थांबले.

“चिर... चिरनेर. चिरनेरचं काय लिवलंय रं?”

त्यांनी स्टूल ओढलं, काचेवर बोट ठेवलं आणि शब्द तोडत तोडत उरणजवळच्या त्या गावाची बातमी शेवटपर्यंत वाचली. मग माझ्याकडे बघून हसले. “मना वाटलं, इसरलो सगलं.”

“हे बिघडलंय बाबा, म्हणून मोठं दिसतंय. करतो नीट.”

“आसा बिघाड पेपरवाल्यांचा पन व्हावा,” ते म्हणाले.

मी हसलो. मला तो विनोद वाटला.

दुसऱ्या संध्याकाळीही ते आपणहून स्टुलावर येऊन बसले. त्यांचं वाचून होईपर्यंत मी मनातल्या मनात चुळबुळत होतो, कारण पडद्याबद्दल लिनक्सच्या फोरमवर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आलंय का ते मला पाहायचं होतं. उत्तर आलं होतं. कुणा अनोळखी माणसानं सविस्तर लिहिलं होतं: आधी सेटिंगच्या फाइलची एक प्रत वेगळ्या नावानं ठेव, मग मॉनिटरच्या पुस्तिकेतले आकडे त्या फाइलमध्ये भर. मी प्रत ठेवली, पण आकडे चुकवले आणि पडदा काळा झाला. मग सायबर कॅफेत जाऊन पुढची उत्तरं वहीत उतरवून आणली. तिसऱ्या संध्याकाळी बाबा काळ्या पडद्यासमोर बसून होते.

“आज नाय का?”

“उद्या बघा, कसा मस्त होतो!”

चौथ्या दिवशी झाला. १०२४ बाय ७६८, रेघन्‌रेघ कोरलेली. मी हाक मारून बाबांना बोलावलं. त्यांनी चेहरा काचेजवळ नेला, बोट ठेवलं. बोटाखाली दोन ओळी झाकल्या गेल्या.

“झकास झालं, बाला,” ते म्हणाले आणि स्टूल उचलून मोरीजवळ ठेवून आले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नाक्यावर. मला वाटलं, कंटाळले. मी फोरमवर त्या माणसाचे मनापासून लांबलचक आभार मानले.

अक्षरं मोठी कशी करायची ते मी महिन्याभरातच शिकलो, पण तेव्हाही बाबांची आठवण झाली नाही. पुढे करंजाड्याला राहायला आल्यावर जुनी डिस्क साफ करताना फाइलची ती प्रत सापडली, आणि ते रिकामं स्टूल डोळ्यांसमोर आलं. तोवर बाबांना माणसंही आवाजावरून ओळखावी लागत होती.

मी त्यांना सगळं सांगितलं. “बोलायचं ना तेव्हाच.”

“तू जेवन सोडून खपत व्हतास. शिकलेल्या मानसाच्या कामात आमी मोडता घालावा?”

खरंच होतं ते. मी अभ्यासाला बसलो की आमच्या घरात रेडिओ बंद व्हायचा, भांडीसुद्धा हळू ठेवायची. मला नाही म्हणायची सवय घरात कुणालाच नव्हती, आणि न बोललेलं ऐकायची सवय मला लागली नाही.

ती फाइल मी पुसलेली नाही. तेव्हा ती परत जागेवर ठेवून मोठी अक्षरं आणायला एक ओळ टाइप करणं पुरलं असतं. आता रोज सकाळी मी बाबांना पेपर वाचून दाखवतो. माझी घाई झाली की ते हात वर करतात. “हलू वाच. मी वाचायचो तसा.”