ऋतिकानं पदर मागे घेतला

मी कमळ. टेमघरला राहते आणि लग्नांत धवले गाते. आमच्या आगरी लोकांत हळदीपासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला गाणं असतं. ते गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. आताच्या पोरींना याची आवड न्हाय, असं जो तो म्हणतो. माझ्या भावाच्या, केसरीनाथच्या, मुलीनं मात्र ते खोटं ठरवलं. कॉलेजात असतानाच ऋतिका नऊवारी नेसून माझ्या शेजारी मांडवात बसायला लागली. आवाज असा खणखणीत, की डीजेवाला आपणहून गाणं बंद करायचा.

पण चेहरा मुरमांनी भरलेला. गालांवर, हनुवटीवर लाल, पिकलेले फोड. हळदीला जमलेल्या बायका गाण्याआधी उपाय सांगायच्या. कुणी म्हणे लिंबू चोळ, कुणी म्हणे टूथपेस्ट लाव. ती "हो काकी" म्हणायची, पदर पुढे ओढायची आणि मान खाली घालून गायची.

एकदा कुणीतरी तिचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला. लोकांनी आवाजाचं कौतुक केलं, पण एकानं खाली लिहिलं, ‘ताई, कॅमेऱ्याकडे बघू नका.’ पोरीच्या डोक्यात तेवढंच राहिलं. तिनं गुपचूप बारीक सुयांचा रोलर मागवला. फिरवला की मुरमांचे खड्डे जातात, असं जाहिरातीत होतं. मुरमं तशीच पिकलेली असताना तिनं तो डाव्या गालावर दाबून फिरवला.

दोनेक दिवसांत गाल सुजला. रोलर जिथून गेला, तिथे नवे फोड उठले. केसरीनाथनं रिक्षा बोलावली आणि आम्ही तिला भिवंडीतल्या त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

"पिकलेल्या मुरमांवरून सुया गेल्या की जंतू गालभर पसरतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आपली त्वचा सावळी. सूज उतरली तरी काळे डाग मागे राहतात."

"म्हणजे सुया वाईटच म्हणायच्या?" मी विचारलं.

"तसं नाही. मुरमं शांत झाली की उरलेल्या खड्ड्यांसाठी मीच सुया वापरते, निर्जंतुक केलेल्या. पण आधी औषध. जखम झाली की तुझा व्रण फुगून वर येतो का गं? तसं असेल तर सुया नकोत."

ऋतिकानं मान हलवून नाही म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात गणेशपुरीकडे रामनाथ पाटलांच्या रीमाची हळद होती. मी म्हटलं, "गो, तू घरी रहा, मी निभावते." ती म्हणाली, "आत्या, गाल दुखतोय, गळा न्हाय."

आम्ही आदल्या दिवशीच पोचलो. आत पार्लरवाली मुलगी सुयांचं यंत्र मांडून बसली होती. नवरीच्या कपाळावर ताजी मुरमं. रीमाची मामी घाई करत होती, "आज केलं का फोटोत चेहरा चमकंल."

ऋतिका रीमासमोर जाऊन बसली. पदर मागे घेतला आणि तो गाल तिच्यापुढे धरला.

"हे बघ. पिकल्या मुरमांवर सुया मीच फिरवल्या, त्याचं हे झालं."

"माझी सुई नवीन आहे, ताई," पार्लरवाली म्हणाली.

"सुई नवीन असंल, पन हिची मुरमं तर पिकलेलीच हायेत ना? आन उद्या त्याच्यावर हळद चोळनार."

रीमानं तो गाल नीट न्याहाळला. मग म्हणाली, "मला नको. आहे तशीच बसते मी." पार्लरवालीनंही वाद घातला न्हाय. यंत्र पेटीत ठेवलं आणि विचारलं, "मग नुसता मेकअप करू?"

दुसऱ्या दिवशी मांडवात ऋतिकानं पदर कमरेला खोचला. समोर मोबाईल वर झाले. ती त्यांच्याकडे सरळ बघत गायली. मी मागून साथ धरली.

औषधानं लवकर गुण येईना. ती चिडायची, गोळ्या टाकून देते म्हणायची, मग तोंड वाकडं करून घ्यायची. मुरमं बसल्यावर डॉक्टरबाईंनी महिना-दीड महिन्याच्या अंतरानं बऱ्याच वेळा सुयांचं काम केलं. प्रत्येक वेळी चेहरा लाल व्हायचा, ती उन्हाला जपायची. खड्डे उथळ झाले, सगळे गेले न्हायत. ती म्हणते, "राहू देत."

आता फोन येतात ते, "कमळताई, ऋतिका मोकळी हाय का?" असे. परवा अंबाडीला तर मी पाहुणी म्हणून गेले होते, पुढच्या खुर्चीवर. शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं.

"काय आवाज हाय! कोन गो ही?"

"माझी भाची," मी म्हटलं, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं.