फ्रिज दाखवून झाल्यावर

कात्रजहून निघालेल्या बसमध्ये मी एक जुनी अमेरिकन कादंबरी वाचत होते. शेजारी साठीच्या एक बाई होत्या. त्या सारखी साडी सावरत होत्या आणि स्वतःशीच हसत होत्या.

"काय गोष्ट आहे हो?" त्यांनी विचारलं.

"एक गरीब मुलगा खूप श्रीमंत होतो. आवडत्या बाईच्या घरासमोर महाल घेतो, मेजवान्या देतो, ती कधीतरी येईल म्हणून."

"आणि सरळ विचारत नाही?"

"नाही."

त्या इतक्या हसल्या की कंडक्टरने वळून पाहिलं. "आमच्याकडेही तोच प्रकार. माझे एक मित्र आहेत, आम्ही दोघंही एकटे. वर्षभरात त्यांनी फ्लॅट दाखवला, गाडी दाखवली, परवा तर नवा फ्रिज उघडून दाखवला. तोंड मात्र उघडत नाहीत. म्हणून आज मीच विचारणार आहे."

नारायण पेठेच्या स्टॉपवर एक गृहस्थ चकचकीत गाडीपाशी उभे होते. बाई तरातरा त्यांच्याकडे गेल्या आणि एकच वाक्य बोलल्या. ते कडक इस्त्रीच्या पँटनिशी मटकन फूटपाथवर बसले. मग बाईही शेजारी बसल्या. दोघं हसतच सुटले.

एवढी महागडी गाडी कुणी इतकी साफ विसरलेली मी पहिल्यांदाच पाहिली.