तीन नापास लेन्स

शेडगे आबांच्या हातात लेन्स दिली की ते आधी तिची काच बघत नसत. तिचं तोंड जमिनीकडे करून धरत आणि वाट बघत उभे राहत. लांब पल्ल्याची झूम लेन्स असली आणि तिची नळी स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली उतरू लागली की म्हणत, "बसकी हाय." नांगराला जुंपल्यावर मधेच बसकण मारणाऱ्या बैलाला आमच्याकडे बसका म्हणतात. नव्या कोऱ्या परदेशी लेन्सला हा शब्द ऐकून घ्यावा लागे, आणि तिच्या मालकालाही.

आबा मूळचे माण तालुक्यातले. त्यांचे वडील बैलांची पारख करायचे. जनावरांच्या बाजाराला जाताना लोक त्यांना बरोबर न्यायचे. आबा फौजेत गेले, तोफांच्या दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं राहिले आणि हवालदार होऊन परतल्यावर साताऱ्यात गोडोलीला घर बांधलं. पारख वडिलांची आणि पेचकस सरकारचा, अशी त्यांची घडण. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. मी कॉलेजात कारकून आहे आणि रविवारी मायणीच्या तलावावर पक्ष्यांचे फोटो काढतो. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचे माझ्यासारखे हौशी आणि लग्नं करणारे धंदेवाईक, सगळे नवी लेन्स आली की आधी आबांकडे नेत. नव्या सुनेला देवदर्शनाला नेतात तसंच ते होतं.

ते आधी बांधा बघत. नळी पूर्ण बाहेर काढून दोन बोटांनी हलवत, जास्त हलली तर "मान ढिली." मागची धातूची कडी आणि धूळपाणी अडवणारं रबर यांना ते खूर म्हणत आणि तिथं नख फिरवून बघत. मग लेन्स कानाशी नेऊन नारळासारखी हलवत. हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा ज्या लेन्समध्ये असते, तिच्यात कॅमेरा बंद असताना आत काहीतरी खुळखुळतं. त्या आवाजानं मालकाचा चेहरा उतरला की आबा सांगत, "मोकळा हाय त्यो. बॅटरीची दावण लावली की गप उभा ऱ्हातोय."

या यंत्रणेला कंपन्यांनी इंग्रजीत निरनिराळी नावं दिली आहेत. आबांनी सगळ्यांना मिळून एकच नाव दिलं होतं, धीर. लेन्सला धीर किती आहे, हे बघायची त्यांची पद्धत ठरलेली होती. खाली अंगणातून अडतीस पायऱ्या चढून गच्चीवर यायचं, दम लागलेला असतानाच लेन्स उचलायची आणि कशालाही न टेकता समोरच्या पाण्याच्या टाकीचा फोटो घ्यायचा, प्रत्येक खेपेला शटरचा वेग आणखी मंद करत. टाकीवर मोठ्या अक्षरांत 'पाणी जपून वापरा' लिहिलं होतं आणि खाली कोपऱ्यात रंगाऱ्यानं आपलं नाव आणि फोन नंबर टाकला होता. नंबर वाचता आला तर लेन्स पास. एकदा मी म्हणालो, आबा, खोक्यावर आकडा दिलेला असतो की. ते म्हणाले, "खोक्यावरचं इकणाऱ्यानं लिवलंय. रंगाऱ्यानं न्हाई."

चाचणी मात्र ते स्वतःच करत, दुसऱ्याच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. मोहरीएवढे स्क्रू बावीस वर्षं बसवलेले हात होते ते. "मन हाललं तर चालतंय," असं ते म्हणत, "हात हालला न्हाई पायजे."

एका वर्षी पावसाळा सरता सरता आबांनी एकापाठोपाठ तीन लेन्स नापास केल्या. पहिली माझी. बांधा उत्तम, धीर नाही, असा निकाल. मी ती दुरुस्तीला पाठवून दिली. दुसरी वाईच्या एका डॉक्टरांची. त्यांनी ती कपाटात ठेवून दिली. तिसरी सांगलीच्या सुकुमारअण्णांची. अण्णा लग्नांचे आणि कुस्त्यांच्या मैदानांचे फोटो काढत. गर्दीच्या मागून पैलवानाचा चेहरा टिपायला त्यांनी ती लेन्स मुद्दाम घेतली होती. आबांनी फेल केली म्हटल्यावर ती विकायला काढली आणि सरळ माणूस असल्यामुळे येईल त्या गिऱ्हाइकाला नापास झाल्याचंही सांगू लागले. त्यामुळे ती कोणी घेईना.

मला त्याआधीच शंका आली होती. एका सकाळी आबा एक जुनी दुर्बीण उघडून बसले होते. पेचकसाचं टोक स्क्रूच्या खाचेत बसेना. आबा म्हणाले, स्क्रूचा माथा खराब आहे. मग दुसऱ्या स्क्रूचा निघाला. मग तिसऱ्याचा. मी मान डोलावली आणि चहा पिऊन घरी आलो. अण्णांची लेन्स नापास झाली ती यानंतर आठ दिवसांनी. मी बोललो असतो तर ते टळलं असतं. मला भीती वाटली. या माणसाला तुमचा हात हलतोय असं सांगणं म्हणजे तुम्ही उद्यापासून आबा नाही असं सांगणं होतं, आणि ते माझ्या तोंडून निघेना.

माझी लेन्स दुरुस्तीहून परत आली, काहीही दोष नाही या शेऱ्यासह. मी ती घेऊन आबांकडे गेलो. अडतीस पायऱ्या, टाकी, फोटो. त्यांचा पुसट आला. मग त्यांच्या परवानगीनं मी काढला, तो स्वच्छ आला. आबा म्हणाले, तू कठड्याला टेकला असशील. मी टेकलो नव्हतो, पण वादही घातला नाही. तेवढ्यात काकू, म्हणजे आबांच्या पत्नी, वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला वर आल्या. त्यांनी जन्मात कॅमेरा धरला नव्हता. आबांना असाच तिऱ्हाईत साक्षीदार हवा होता. त्यांनी कॅमेरा काकूंच्या हातात दिला. काकूंनी पदराला हात पुसले आणि बटण दाबलं.

रंगाऱ्याच्या नंबराचे दहाच्या दहा आकडे दिसत होते.

आबांनी त्यांना आणखी चार फोटो काढायला लावले. चारही तसेच.

"फेल किती केल्या रं मी?" त्यांनी विचारलं.

"तीन," मी म्हणालो.

"हात दोन म्हैनं झालं हालतोय," काकू मिरच्या गोळा करत म्हणाल्या. "सदऱ्याची बटणं कोन लावतंय तुमची?"

"सांगायचं न्हाईस?"

"तुमी इचारलं न्हाई. म्हनला, काजं बारकी झाल्यात."

माझ्याकडे कोणी बघितलं नाही, याचं मला बरं वाटलं आणि ते बरं वाटल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी आबा वाईला गेले. डॉक्टरांनी लेन्सबद्दलचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आबांना दोन्ही हात पुढे धरायला सांगितलं. येताना आबांच्या खिशात गोळ्यांची चिठ्ठी होती. तिसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं सांगलीला गेलो. फोन करू, असं मी सुचवून बघितलं. ते म्हणाले, नापास समोर केली, पास फोनवर कशी करायची?

अण्णांचा स्टुडिओ हळदीच्या पेठेजवळ. आबा आत गेले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "अण्णा, लेन्स चांगली हाय. हात माजा हालत हुता."

अण्णांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, आबा जाऊ द्या हो, म्हणाले. पण आबा जाऊ देईनात. पेठेत लेन्सचं नाव त्यांनी घालवलं होतं, तर ते कागदावर भरून द्यायचं होतं. जन्मात त्यांनी एकही निकाल लिहून दिला नव्हता. हा पहिला. त्यांनी कागद मागितला आणि लिहायला लागले. 'सदर लेन्स' एवढं लिहायला दोन मिनिटं लागली. अक्षरं ओळ सोडून वर-खाली पळत होती.

अण्णांना ते बघवेना. त्यांनी संगणक चालू केला. "आबा, तुम्ही सांगा, मी टाइप करतो. तुम्ही खाली सही तेवढी करा. वाचायलाही नीट येईल."

आबांनी पेन थांबवलं नाही. "टाइप केल्यावर हात हालतोय त्ये दिसनार कसं?" ते म्हणाले.

अण्णांनी संगणक बंद केला. कागद सरकत होता. एका बाजूनं अण्णांनी तो धरला आणि दुसऱ्या बाजूनं, न सांगता, मी धरला. आबा सावकाश लिहीत राहिले.