'पाणी'नंतरचा शब्द

मोबाइलवर 'पाणी' लिहिलं की पुढचा शब्द तोच सुचवतो. कोणत्या शब्दामागून कोणता जास्त वेळा येतो, त्यावरून अंदाज बांधतो म्हणे.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या दुष्काळात मी पोस्टासमोर बसून लोकांची पत्रं लिहायचो. चाकूरच्या गयाबाई पुण्याला कामाला गेलेल्या नवऱ्यासाठी मजकूर सांगत होत्या. 'पाणी' ऐकताच मी सवयीनं पुढं 'नाही' लिहून टाकलं.

"खोडा ते," त्या म्हणाल्या. "पाणी लई हाय, असं लिवा. न्हाईतर काम सोडून येतील."

त्यांचे ओठ सुकलेले होते. मी खोडून तसं लिहिलं.

त्या संध्याकाळी खोलीवर एकट्यानं बसून भोकरला आईला लिहिलं, मी मजेत आहे. तिचंही उत्तर आलं, आम्ही मजेत. आणि मी ते खरं मानलं.