आबांच्या माळावरचं बिनलोखंडाचं खोपट

आमच्या पणदऱ्याच्या माळावर सरकारनं सूर्याची खबर घेणारं यंत्र बसवलं होतं, असं सांगितलं की आजही लोक माझ्याकडे संशयानं बघतात. बघेनात का! नव्वदच्या दशकातली गोष्ट. ते बसवणाऱ्या खात्यात मी सहायक होते. मेंढरं राखणाऱ्या आमच्या घरातली पहिली सरकारी नोकर, आणि तीही बाई.

सूर्यावर वादळं उठतात. त्यांचा दणका इथवर पोचला की पृथ्वीचं चुंबकत्व थरथरतं, रेडिओ खरखरतो, उपग्रह बिघडतात, विजेच्या मोठमोठ्या लाइनी बंद पडू शकतात. याचा अंदाज आधी बांधता यावा म्हणून आमचं खातं ठिकठिकाणी चुंबकत्वाच्या नोंदी घेत होतं. त्यासाठी लोखंडापासून लांबची जागा हवी होती. मी पटकन बोलून गेले, "आमचा माळ आहे की!" साहेब म्हणाले, "एक हंगाम बघू. नोंदीची रेघ कागदावर स्वच्छ आली नाही, तर यंत्र उचलून दुसरीकडे नेऊ." झालं! आता माळाची आणि माझी अब्रू एकच.

यंत्र लाकडी खोपटात होतं, खिळेसुद्धा पितळेचे. तिथून वायर लांबवरच्या माझ्या खोलीत यायची आणि कागदावर रेघ उमटायची. खोपटाची राखण माझ्या वडिलांकडे, म्हणजे आबांकडे. त्यांचा तोरा काय विचारता! पार माळेगावच्या कारखान्यावर जाऊन सांगून आले, "दिल्लीला नसंल ते आमच्या माळावर हाय."

थोडे दिवस रेघ छान आली. मग रोज सकाळी उड्या मारायला लागली. साहेब आले आणि कागद बघून म्हणाले, "जागाच वाईट." असा संताप आला मला! म्हटलं, "जागेला नावं ठेवू नका साहेब, आधी खोपटाकडे चला." कारण रेघ उडायची ती नेमकी आबा झाडलोटीला दार उघडायचे तेव्हा. दाराला लिंबू-मिरची आणि काळ्या फडक्याची पुरचुंडी बांधलेली होती. मीठ-मोहरी असेल, म्हणून मी कधी हात लावला नव्हता. सोडून बघितली, तर आत घोड्याची नाल. चांगली जाडजूड, लोखंडी.

"आबा, हे काय?"

"दिष्ट लागू नये म्हनून बांधली. पंचक्रोशीत कुनाकडं हाय का असलं?"

दार हललं की नाल हलायची आणि नाल हलली की रेघ. मी कपाळाला हात लावला. साहेब मात्र हसले नाहीत. "असं कुठे कुठे लक्ष ठेवणार तुम्ही?" म्हणाले. आबांचा चेहरा पार उतरला. त्यांनी पायांतली पायताणं काढली आणि लांब भिरकावली. टाचांना खिळे होते.

"आजपासनं हितं खिळासुदिक येनार न्हाय. यंत्र नेऊ नका, सायेब."

तेव्हापासून आबा माळावर अनवाणी. रबरी सपाता आणून दिल्या, तर म्हणाले, "न्हाय पोरी, शबूद दिलाय." येईल त्याला पायताण, विळा, किल्ल्या बांधावर ठेवायला लावायचे. नवखी माणसं देऊळ समजून हात जोडायची.

हंगाम सरता सरता एका दुपारी रेघ एकदम उसळली आणि थरथरतच राहिली. साहेबांना कळवलं, तर फोनवर म्हणाले, "आबांनी परत काय बांधलं?"

"काही नाही! इथे एक खिळा सापडला तरी राजीनामा देते," मी ताडकन म्हणाले. म्हणाले खरी, पण दुसऱ्या केंद्रांचे कागद येईपर्यंत जेवण गोड लागलं नाही. कागद आले. सगळीकडे तीच वेळ, तीच थरथर. दणका सूर्याचाच होता आणि आमच्या माळानं तो बरोब्बर धरला होता!

साहेब पुन्हा आले, ते ऐन उन्हात. बांधापाशी थांबले. आम्ही काही म्हणायच्या आत वाकून त्यांनी बूट काढले, पट्टा काढला आणि तापलेल्या खडीवरून आबांच्या मागोमाग खोपटापर्यंत चालत गेले.

"आबा, यंत्र इथेच राहणार," साहेब म्हणाले.

"व्हय व्हय. पर आदी सावलीत या, सायेब," आबा म्हणाले. "पाय पोळत्याल."